ड्रायरची स्वच्छता आणि छापील कपडा
(वस्त्रछपाईच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



स्क्रीन प्रिंटिंग शिकविताना चौकट, जाळी आणि शाई यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. ड्रायरविषयी मात्र तो चालू व बंद कसा करावा, यापलीकडे सहसा कोणी काही सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी एका महिला बचत गटाने शाळेच्या क्रीडास्पर्धांसाठी पांढरे टी-शर्ट छापून दिले. छपाई सुबक होती. परंतु घडी उलगडताच पाठीवर जाळीच्या आकाराच्या पिवळसर रेषा दिसल्या. शाळेने माल परत केला. मजुरी तर बुडालीच, कोऱ्या कपड्याची किंमतही गटालाच सोसावी लागली. कोणी शाईला दोष दिला, कोणी कापडाला. मी तेथे गेलो असता ड्रायरच्या थंड पट्ट्यावरून पांढरे फडके फिरवून पाहिले. ते तपकिरी झाले!

प्लॅस्टिसॉल शाई नुसत्या हवेने वाळत नाही. तिचा संपूर्ण थर सुमारे १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापला म्हणजेच ती पक्की होते. त्यासाठी कपडा सरकत्या पट्ट्यावरून तप्त बोगद्यातून जातो. कपडा हलू नये म्हणून फळीवर फवारलेल्या चिकटद्रव्याचे कण उडून पट्ट्यावर बसतात, बोटांची शाई लागते, त्यावर सुताची कुसे चिकटतात. उष्णतेने हे सारे भाजून निघते आणि पुढच्या कपड्यावर उमटते. हीटरजवळ साचलेली कुसे करपून ओल्या शाईवर काळे ठिपके पाडतात. प्रसंगी पेटही घेतात.

काम संपल्यावर प्रथम हीटर बंद करावा, पण यंत्र निवेपर्यंत पट्टा फिरता ठेवावा. थांबलेला पट्टा करपतो. नंतर वीजपुरवठा तोडून पट्टा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावा, पंख्यावरील व हीटरभोवतालची कुसे झटकावीत. तारेचा ब्रश किंवा पाते वापरू नये, कारण पट्ट्यावरील टेफ्लॉनचा लेप निघून जातो. ज्वालाग्राही द्रावक तर तापलेल्या यंत्राजवळ नेऊच नये.

अनुदानातून घेतलेल्या यंत्राच्या तपासणीस जाणारे आम्ही अधिकारी यंत्राचा क्रमांक आणि भिंतीवरचा फलक पाहतो. पट्ट्यावरून बोट मात्र फिरवीत नाही. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी व शिक्षकांनी छपाईचे काम देण्यापूर्वी तेवढे जरूर करावे, अर्थात यंत्र थंड असताना!

त्या गटातील भगिनी आता रोज सकाळी पहिल्या कपड्याआधी एक जुना पांढरा पंचा पट्ट्यावरून सोडतात. पंचा पांढराच हवा. रंगीत कापडावर मळ दिसत नाही.