दिवाळे मालकाचे, उपवास कामगाराचा



अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत धनको आणि ऋणको या शब्दांची व्याख्या फार सोपी असते. जो पैसे देतो तो धनको, जो घेतो तो ऋणको. या व्याख्येत कामगाराचा कोठेही उल्लेख नसतो. वास्तविक दरमहा सर्वांत आधी उधारी देणारा माणूस तोच असतो. तो महिनाभर काम करतो आणि महिना संपल्यानंतर काही दिवसांनी त्याला पगार मिळतो. म्हणजे तेवढा काळ त्याचे श्रम मालकाकडे बिनव्याजी उसने असतात. बँक कर्ज देताना ताळेबंद तपासते, तारण घेते, व्याज आकारते. कच्चा माल पुरवणारा व्यापारी बुडीत खात्याचा धोका आपल्या दरात मिळवतो. कामगार मात्र ना ताळेबंद पाहतो, ना तारण मागतो. त्याची संमती कोणी विचारलेलीच नसते. कंपनी बुडाली म्हणजे याच माणसाला सांगण्यात येते की, तुम्हीही एक धनको आहात, तेव्हा कृपया रांगेत उभे राहा.

या रांगेचा इतिहास मुंबईइतका दुसऱ्या कोणत्या शहराला ठाऊक असेल? १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. त्या संपाचे राजकारण हा आजचा विषय नाही. परंतु त्यानंतरच्या दोन दशकांत गिरण्या ज्या रीतीने बंद पडत गेल्या, ती रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 'आजारी' हे विशेषण गिरणीला लागत असे, आणि तिच्याखालची जमीन मात्र दिवसेंदिवस धष्टपुष्ट होत असे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले : एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहबांधणीसाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. कारखाना तोट्यात गेला तरी मालमत्ता तोट्यात जातेच असे नाही, हा धडा गिरणगावाने दिला. दिवाळखोरीचा खरा प्रश्न बुडाले किती हा नसून, उरले किती आणि उरलेले कोणाचे, हा असतो.

आपल्या कायद्याने हा प्रश्न एके काळी गंभीरपणे हाताळला होता. डिसेंबर १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने असा निर्णय दिला की, कंपनी गुंडाळण्याचा अर्ज न्यायालयापुढे असताना कामगारांना आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे. भांडवल घालणाऱ्याइतकाच श्रम घालणाराही उद्योगाचा घटक आहे, हा त्या निर्णयाचा गाभा होता. पाठोपाठ १९८५ मध्ये कंपनी कायद्यात '५२९-अ' हे कलम आले आणि कामगारांची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीने बसली. त्या बरोबरीला कालमर्यादा नव्हती. पाच वर्षांची थकबाकी असली तरी ती सगळी त्याच पायरीवर होती. व्यवहारात मात्र आजारी उद्योगांच्या मंडळापुढे आणि न्यायालयीन अवसायकांच्या कपाटांत प्रकरणे वर्षानुवर्षे पडून राहिली, यंत्रे गंजली, आणि हक्क शाबूत असलेला कामगार हक्क हातात पडण्यापूर्वीच जगाचा निरोप घेऊन गेला. विलंबाचे हे पाप नाकारण्यात अर्थ नाही. नव्या कायद्याचे समर्थन त्याच पापाच्या आधारे केले गेले.

तो नवा कायदा म्हणजे २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता. तिचे कलम ५३ प्रत्येक कामगार संघटनेने भिंतीवर लावून ठेवावे असे आहे, कारण विक्रीतून आलेला पैसा कोणत्या क्रमाने वाटायचा हे त्यात सांगितले आहे. प्रथम प्रक्रियेचा खर्च. त्यानंतर, एकाच पायरीवर, तारण सोडून दिलेले धनको आणि कामगारांची देणी. पण ही देणी अवसायन सुरू होण्याच्या आधीच्या चोवीस महिन्यांचीच. त्याखालच्या पायरीवर कामगार या व्याख्येत न बसणारे कर्मचारी, तेही बारा महिन्यांपुरते. मग विनातारण वित्तीय कर्जे, सरकारी देणी, आणि अगदी शेवटी भागधारक. १९८५ च्या कायद्याने दिलेली बरोबरी राहिली, पण तिला दोन वर्षांची कात्री लागली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रचना वैध ठरवली.

ही बरोबरी प्रत्यक्षात काय देते याचे एक काल्पनिक गणित मांडून पाहावे. एका कारखान्याची मालमत्ता विकून शंभर कोटी रुपये आले. प्रक्रियेचा खर्च दहा कोटी, उरले नव्वद. बँकांचे येणे ३८० कोटी आणि त्यांनी आपले तारण सामाईक विक्रीसाठी सोडले आहे. कामगारांची चोवीस महिन्यांची देणी वीस कोटी. चारशे कोटींच्या दाव्यांना नव्वद कोटी, म्हणजे रुपयामागे साडेबावीस पैसे. ज्याचे दोन लाख अडकले त्याच्या हाती पंचेचाळीस हजार पडतील. पायरी पुरती भागली नसल्याने खाली काहीच उतरणार नाही. म्हणून त्याच कारखान्यातल्या सुपरवायझरला आणि हिशेबनिसाला पगाराच्या थकबाकीपोटी शून्य मिळेल. बँकेने जवळजवळ तीनशे कोटी गमावले हे खरे. पण ते तिच्या शेकडो खात्यांत वाटले जातात. कामगाराला दुसरे खाते नसते. समान टक्केवारीने वाटणे आणि समान न्याय करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

यातही एक दिलासा आहे आणि तो लढून पक्का झालेला आहे. भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि ग्रॅच्युइटी निधी यांतून येणे असलेल्या रकमा संहितेच्या कलम ३६ नुसार दिवाळखोराच्या मालमत्तेत धरल्याच जात नाहीत. त्या रांगेच्या बाहेर आहेत. जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये थांबली. तेथील कर्मचारी संघटनांनी हा मुद्दा नेटाने लढवला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ही रक्कम देण्यास सांगितले आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. पण पुनरुज्जीवनाची योजना अमलात येईना, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाला कंपनी मोडीत काढण्याचा आदेश द्यावा लागला. साडेपाच वर्षे लोटली होती. मुलांच्या शाळेची फी साडेपाच वर्षे थांबत नाही.

दुसरा एक निर्णयही ठाऊक असावा. एबीजी शिपयार्डच्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने म्हटले की, निराकरणाची प्रक्रिया चालू असतानाच्या काळातील पगार खर्चाच्या पहिल्या पायरीवर बसेल, पण कंपनी त्या काळात चालू ठेवली गेली आणि कामगाराने प्रत्यक्ष काम केले हे सिद्ध झाले तरच. दाराला कुलूप मालकाच्या बाजूने असले तरी काम केल्याचा पुरावा कामगारानेच द्यायचा आहे.

तेव्हा अशा प्रसंगी कामगाराने काय करावे, हा प्रश्न सभाशास्त्राच्या बाहेरचा असला तरी सर्वांत निकडीचा आहे. पगार दोनदा लांबला की कागद गोळा करायला लागावे : नेमणूकपत्र, पगारपत्रके, हजेरीचे कार्ड, बँकेचे पासबुक, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा. निधीचा हप्ता पगारातून कापला आणि भरला नाही असे आढळल्यास त्याच दिवशी निधी कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. 'राजीनामा द्या, हिशेब लगेच करतो' या शब्दांवर विश्वास ठेवू नये. राजीनाम्याबरोबर भरपाईचा हक्क आणि राज्य विमा योजनेचा बेकारी भत्ता, दोन्ही जातात. हा भत्ता २००५ पासूनच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत आहे, विमा रुग्णालयातील उपचारही त्यासोबत चालू राहतात, आणि तरीही पुष्कळ कामगारांना त्याचे नावही माहीत नसते. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली की वर्तमानपत्रांत, प्रादेशिक भाषेतही, जाहिरात येते. त्यातील मुदतीत आपला दावा दाखल केलाच पाहिजे. कामगारासाठीचा नमुना 'डी' वेगळा आहे आणि संघटनेच्या प्रतिनिधीला सर्वांच्या वतीने एकत्रित दावाही करता येतो. स्थगितीचा आदेश निघाला की कामगार न्यायालयातील वसुलीचे अर्ज थबकतात. म्हणून 'आमची केस चालू आहे' या समाधानात दाव्याची मुदत घालवू नये.

कंत्राटी कामगाराची अवस्था याहून बिकट. बुडणाऱ्या कंपनीच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते आणि कंत्राटदार दुसऱ्याच आठवड्यात नाहीसा होतो. संघटनेने दाव्यांची यादी करताना ही नावे बाहेर ठेवली, तर मालकाने केलेली फाळणी संघटनेनेच मान्य केल्यासारखे होईल.

पैशाखेरीज आणखी एक गोष्ट बुडते. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावातली कापडगिरणी मंदीच्या लाटेत बंद पडली, तेव्हा मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तेथील बेकार कुटुंबांचा अभ्यास केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. रिकाम्या वेळात माणसे अधिक वाचतील, अधिक चळवळ करतील, ही अपेक्षा खोटी ठरली. वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले, संस्थांतील सहभाग आटला, रस्त्यावरच्या पुरुषांची चालसुद्धा मंदावली. बायकांना मात्र घरकामामुळे हा रिकामपणा परवडलाच नाही. गिरणगावातील ज्या घरांत १९८२ नंतर बाईच्या शिवणयंत्रावर किंवा डब्यांवर चूल पेटत राहिली, त्यांना हे निष्कर्ष परके वाटणार नाहीत. म्हणून बंद कारखान्याच्या संघटनेचे कार्यालय बंद पडू देता कामा नये. ते रोज उघडावे, तेथे वृत्तपत्र असावे, दाव्यांची वही असावी, आणि ज्याचे येणे थांबले त्याच्या घरी कोणीतरी जाऊन यावे.

कामगारांनीच कारखाना चालवावा, हाही एक मार्ग आहे. १९८५ मध्ये बंद पडलेली कुर्ल्याची कमानी ट्यूब्स १९८८ मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली. त्यांनी पदरची बचत घातली आणि ती काही वर्षे चालवूनही दाखवली. पुढे तो प्रयोग टिकला नाही. खेळते भांडवल आणि बाजारपेठ यांवाचून केवळ जिद्दीवर भट्टी तापत नाही, हे त्यातून शिकावे. पण कामगारांना कारखाना चालवता येत नाही असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्यांच्या आधी तो मालकानेच बंद पाडला होता.

मग उपाय कोणता? रांगेतली जागा वर सरकवणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही, कारण रांग कितीही न्याय्य केली तरी ती संथच राहणार. जर्मनीत १९७४ पासून दिवाळखोर मालकाच्या कामगाराला तीन महिन्यांचा थकलेला पगार सार्वजनिक निधीतून मिळतो. ब्रिटनमध्ये थकीत पगार आणि कपातीची भरपाई ठराविक मर्यादेत राष्ट्रीय विमा निधी देतो, आणि नंतर कामगाराच्या जागी स्वतः धनको म्हणून उभा राहतो. म्हणजे वाट पाहण्याचे काम ज्याला वाट पाहणे परवडते त्याच्याकडे जाते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९९२ च्या १७३ क्रमांकाच्या करारात अशा हमी संस्थेची तरतूद आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी निधी ठेवला आहे. पण त्यात प्रत्येक कपात झालेल्या कामगारामागे पंधरा दिवसांचा पगार मालकाने भरायचा आहे. जो मालक पगारच देऊ शकला नाही, तो हे पंधरा दिवस कोठून भरणार?

हमी निधी मालक चालता असतानाच जमला पाहिजे. पगारपत्रकाच्या अल्पशा टक्क्याने सर्व मालकांकडून, जसा विम्याचा हप्ता. त्यातून किमान तीन महिन्यांचा पगार दावा दाखल झाल्यापासून काही आठवड्यांत मिळावा. धनकोंच्या समितीत कामगारांच्या प्रतिनिधीला केवळ बसण्याची जागा नको, मत हवे. आणि चोवीस महिन्यांची कात्री रद्द व्हावी, कारण जितका काळ कामगाराने मालकाला सांभाळून घेतले, तितके त्याचे येणे वाढले. त्या सहनशीलतेची शिक्षा त्याला देणे हा कोणता न्याय?

मर्यादित जबाबदारीची कंपनी हा भांडवलाला समाजाने दिलेला मोठा विमा आहे. भागधारकाचे नुकसान त्याच्या भागापुरते थांबते, त्याचे घर विकले जात नाही. हा विमा देताना समाजाने हप्ता मागितला नाही. तो हप्ता आजवर कामगाराच्या घरातून वसूल होत आला आहे. तो आता मालकांच्या पगारपत्रकातून वसूल व्हावा, एवढीच ही मागणी आहे.