दंड भरला, धडा राहिला
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. भाषणाची सवय नाही. तरी घरातली एक गोष्ट आज तुमच्यापुढे उघड करते, कारण ती लपवून भले झाले नाही.

आपल्या शिळफाट्यावरून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो आणि पुढे बोरघाट लागतो. गेल्या वर्षी माझा थोरला एका लग्नाहून दारू पिऊन मोटारसायकलवर येताना तपासणीत सापडला. पोलिसांनी नळीत फुंकायला लावले. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त दारू निघाली की गुन्हा होतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या खेपेला १०,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

कोर्टात दंड झाला. तो मी भिशीच्या पैशातून भरला आणि शेजारी म्हटले, "कागदपत्रांचे काम होते." महिन्याभराने स्वारी पुन्हा तशीच दारात! दंड माझ्या डब्यातून गेला. त्याला झळ कसली?

माझा भाचा अमेरिकेत असतो. तोही असाच सापडला होता. तिथे न्यायाधीशांनी दंडाबरोबर वर्गही लावला. घरीच संगणकापुढे बसायचे. पण हजेरी लागते, मध्येच उठता येत नाही. एके दिवशी मुलगा गमावलेली एक आई बोलली. भाचा म्हणाला, "मावशी, दंड विसरलो असतो. त्या बाईंचा चेहरा विसरत नाही."

भगिनींनो, १९८० साली कॅलिफोर्नियात कँडेस लाइटनर या बाईंची तेरा वर्षांची मुलगी दारू प्यालेल्या माणसाच्या मोटारीखाली गेली. त्यांनी रडत न बसता मातांची संघटना उभी केली. अशा आयांना गुन्हेगारांपुढे बोलते करण्याचे काम ही संघटना करते.

माझ्या मुलाला कोर्टाने वर्ग लावला नाही, म्हणून मी लावला. आमच्या आळीतल्या एका वहिनींचे यजमान घाटात अशाच एका गाडीखाली गेले. वहिनींना आधी विचारून मी त्याला त्यांच्या ओटीवर नेऊन बसवले. त्या फारसे बोलल्या नाहीत. त्या रात्री पोलिसांनी परत दिलेला जेवणाचा डबा तेवढा आणून त्याच्यापुढे ठेवला. झाकण चेपलेले होते. मुलगा मान खाली घालून बसून राहिला.

तो सुधारला असे मी छातीठोकपणे सांगत नाही. पण हल्ली लग्नाला निघताना किल्ली माझ्या हातात देऊन एस.टी.ने जातो.

तेव्हा एवढीच विनंती. पोराचा दंड गुपचूप भरू नका. त्याच्या कमाईतून जाऊ द्या. आणि असा वर्ग आपल्या मंडळात भरवता आला, तर सतरंजी मी घालीन.