आनंदीबाईंची तयारी आणि आपली

(उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस जाणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्या बेलपाडा, ता. पनवेल येथील मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज मी मेट्रोने बेलपाडा स्थानकावर उतरून येथे आलो. समोर बसलेल्या ज्येष्ठांना विचारले, तर या परिसरात भाताची खाचरे कोठे होती हे ते बोट दाखवून सांगतील. १९७० नंतर सिडकोच्या नव्या शहरासाठी या पट्ट्यातील गावांच्या जमिनी गेल्या. १९८४ साली दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात पाच जणांनी प्राण दिले आणि पुढे साडेबारा टक्के भूखंडाची योजना पदरात पडली. या सभागृहातील काही घरांतून मुलाचे अमेरिकेतील शुल्क त्याच भूखंडाच्या पैशांतून भरले जाणार आहे, तर काही घरांनी बँकेचे कर्ज काढले आहे. भूखंड एकदाच विकता येतो आणि कर्ज मात्र वर्षानुवर्षे फेडावे लागते. म्हणून आज कौतुकाचे हारतुरे बाजूला ठेवून केवळ तयारीविषयी बोलावे, असे मी ठरवून आलो आहे.

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतील विद्यापीठांत भारताचे ३ लाख ३१ हजारांहून अधिक विद्यार्थी होते. २००९ नंतर प्रथमच या संख्येत आपण चीनला मागे टाकले. एवढे लोक जातात म्हटल्यावर वाट मळलेली आहे असे वाटते. परंतु प्रत्येक मुलगा विमानातून उतरतो तेव्हा एकटाच असतो.

ही वाट जिने प्रथम चोखाळली ती मुलगी आपल्या शेजारची होती. आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात होते आणि बदलीच्या निमित्ताने हे दांपत्य काही काळ आपल्याच जिल्ह्यात, अलिबागला राहिले. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच गेले. वैद्यक शिकण्याचा निश्चय तेथून आला. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कलकत्त्याहून प्रस्थान ठेवले आणि जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यांनी जाण्यापूर्वी काय केले, हे मात्र आपल्याला फारसे कोणी सांगत नाही.

गोपाळरावांनी १८७८ मध्ये एका अमेरिकन मिशनऱ्यास साहाय्यासाठी पत्र लिहिले. धर्मांतर केल्यास व्यवस्था होईल, असा उत्तराचा रोख होता. पतिपत्नींनी ते नाकारले. तो पत्रव्यवहार तिकडील एका नियतकालिकात छापला गेला आणि न्यूजर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला. कोणतीही अट न घालता त्यांनी स्वतःहून पत्र पाठविले. हेही सांगितलेच पाहिजे, कारण अट घालणारा आणि अट न घालणारा असे दोघेही त्याच समाजातले होते. पुढे जवळजवळ तीन वर्षे दोघींची पत्रे चालू राहिली. आहार, पोशाख, सणवार, स्त्रियांची स्थिती अशा अनेक विषयांवर त्या एकमेकींना लिहीत. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. बंदरावर उतरल्या तेव्हा त्या अनोळखी देशात होत्या, पण अनोळखी माणसांत नव्हत्या. लगेच फिलाडेल्फियाला न जाता तो उन्हाळा त्यांनी रोझेलच्या घरी काढला आणि मग ऑक्टोबरात वर्गात बसल्या.

मित्रांनो, आपण किती दिवस आधी जातो? पुष्कळदा वर्ग सुरू होण्याच्या आदल्या शुक्रवारी! आय-२० या कागदावर अभ्यासक्रमाच्या आरंभाची तारीख असते. तिच्या तीस दिवस आधीपासून अमेरिकेत प्रवेश मिळतो, त्याहून आधी नाही. त्या तीस दिवसांतील निदान दहा-बारा दिवस तरी पदरात पाडून घ्या.

तोच आय-२० तुमच्यापैकी किती जणांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आहे? हात वर करा. (तीन-चार हात वर होतात.) आपण काढलेल्या कागदांच्या बाबतीतही असेच होते. मी १९९२ साली गेलो तेव्हा माझे सर्व अर्ज एका मध्यस्थाने भरले होते. मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारले, दुसऱ्या वर्षाचा खर्च कोण करणार? अर्जात काय लिहिले आहे हे मलाच ठाऊक नव्हते. मी गांगरलो, परत पाठविला गेलो आणि दुसऱ्या खेपेस कसाबसा पार पडलो. दोष मध्यस्थाचा होता, तसा माझाही होता. सही माझी होती.

म्हणून प्रत्येकाने आपला अर्ज स्वतः भरावा. पारपत्र, आय-२०, शुल्काच्या पावत्या, गुणपत्रिका, लस घेतल्याचे दाखले हे सारे हातातल्या पिशवीत असावे, सामानात टाकलेल्या बॅगेत नसावे. व्हिसा मिळाला म्हणजे दार उघडले असे नाही; विमानतळावरचा अधिकारीही प्रश्न विचारतो आणि प्रवेशाचा निर्णय त्याचा असतो. काय शिकणार, कोठे राहणार, पैसा कोठून येणार, यांची उत्तरे खरी व थोडक्यात द्यावीत. तेथे पोहोचल्यावर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात तातडीने हजेरी लावावी, आणि घर बदलले तर दहा दिवसांच्या आत कळवावे. त्या कार्यालयाला न विचारता एकही विषय सोडू नये. सत्रात विषयांचा भार ठरलेल्या मर्यादेखाली गेला, तर तुमचे विद्यार्थी म्हणून असलेले स्थानच धोक्यात येते.

सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत, आणि तेही विद्यापीठाच्या आवारात, काम करता येते. कोणी ओळखीचा म्हणेल, माझ्या दुकानात ये, रोख देतो. तो आपला माणूस असेल, मराठीही असेल. त्याला नम्रपणे नकार द्या. त्या चार डॉलरांसाठी भूखंड पणाला लागतो.

नियम बदलतात, हेही लक्षात असू द्यावे. २०२५ च्या मे अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींसाठी नव्या वेळा देणे काही आठवडे थांबविले गेले. जूनमध्ये ते पुन्हा सुरू झाले, ते समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना पाहता येतील अशी ठेवण्याच्या अटीसह. त्याच वर्षी सप्टेंबरात एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली आणि कित्येक घरांची झोप उडाली. अमेरिकेतच शिकून तेथेच नोकरीकडे वळणाऱ्यांना ते लागू नाही, असे स्पष्टीकरण पुढच्या महिन्यात आले. पालकांना माझे हात जोडून सांगणे आहे की, कर्जफेडीचे गणित तेथील पगार गृहीत धरून मांडू नका. मुलगा शिकून परत आला आणि येथे नोकरीला लागला, तर हप्ता झेपेल का, हे आधी पाहा. झेपत नसेल तर विद्यापीठ बदला, शहर बदला. अमेरिकेत स्वस्त गावेही आहेत.

आता सामान. (हशा.) माता-भगिनींचा हा जिव्हाळ्याचा विषय. गोडा मसाला द्या, मेतकूट द्या, येथील घरांतून सुकट-बोंबीलही जातील. फक्त खाद्यपदार्थ आहेत का असे विचारल्यावर 'आहेत' म्हणायचे. लपविले तर दंड होतो. सांगितले तर फार तर एखादी वस्तू काढून घेतात. कढीपत्ता, ताजी फळे आणि मांस नेऊ नका. येथला मिक्सर नेऊ नका. तेथे वीज ११०-१२० व्होल्टची असते, आपली २३० ची, आपला मिक्सर तेथे कण्हत राहतो. कुकर मात्र अवश्य न्यावा. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा. वसतिगृहात मोहरी तडतडली, धुराची घंटा वाजली आणि सारी इमारत रात्री अकरा वाजता थंडीत बाहेर उभी राहिली, हा प्रसंग मी पाहिलेला आहे. फोडणी कोणाची होती ते सांगत नाही.

अभ्यासाविषयी एकच गोष्ट, पण ती सर्वांत महाग पडू शकते. आपल्याकडे जर्नल एकाने लिहायचे आणि वर्गाने उतरवायचे, ही रीत आहे. तेथे याला चोरी म्हणतात. दुसऱ्याचे एक वाक्य घेतले तरी कोठून घेतले ते लिहावे लागते. यंत्राकडून लिहून घेण्याविषयी प्रत्येक प्राध्यापकाचा नियम निराळा असतो. तो पहिल्याच दिवशी विचारून घ्यावा. प्राध्यापक आठवड्यातून ठरलेले काही तास विद्यार्थ्यांसाठी दार उघडे ठेवून बसतात. आपली मुले जात नाहीत. सरांना त्रास कशाला, असे त्यांना वाटते. त्या तासांचा पैसा तुमच्या शुल्कात धरलेला आहे.

मघाचा धागा पुन्हा हाती घेतो. आनंदीबाईंची मनाची तयारी पूर्ण होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी जाहीर सभेत आपण का जातो हे सांगितले, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, हेही सांगितले. तो शब्द त्यांनी पाळला. महाविद्यालयाला लिहिलेल्या अर्जातही आपल्या पूर्वशिक्षणात उणीव आहे, हे त्यांनी लपविले नाही. परंतु शरीराची तयारी नव्हती. निघण्यापूर्वीच डोकेदुखी, अधूनमधून ताप, धाप लागणे हे चालू होते. कार्पेंटरबाईंनी औषधे पाठविली, गुण आला नाही. फिलाडेल्फियात खोलीतल्या शेगडीचा धूर कोंडे. धूर सोसावा की थंडी, एवढीच निवड होती. नऊवारीत पाय उघडे पडत म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. क्षय बळावत गेला. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईस परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभाग त्यांची वाट पाहत होता. तेथे त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले, तेव्हा बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

त्यांना विमा नव्हता, क्षयावर औषध नव्हते. तुम्हाला दोन्ही आहे, आणि तरीही मुले दुखणे अंगावर काढतात! मी काढले. पहिल्या हिवाळ्यात ताप आला, खोकला थांबेना. डॉक्टरचे बिल किती येईल या धास्तीने मी नऊ दिवस पांघरुणात पडून होतो. रविवारी घरी दूरध्वनी केला तेव्हा आईला म्हणालो, ठणठणीत आहे. शेजारच्या खोलीतल्या कोरियन विद्यार्थ्याने मला ओढत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात नेले. फुफ्फुसाचा दाह निघाला. त्या केंद्राचे शुल्क मी सत्राच्या आरंभीच भरलेले होते; मला ते ठाऊकच नव्हते.

तेव्हा जाण्यापूर्वी दात तपासून घ्या, चष्म्याची दुसरी जोडी करा, लसी पूर्ण करा, नेहमीचे औषध असेल तर डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. विम्याचे पत्रक वाचा. साध्या आजाराला विद्यापीठाचे केंद्र, जिवावर बेतले तर ९११. मन खचले, झोप उडाली, तर विद्यापीठात समुपदेशक असतात. तेथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. गावात मराठी मंडळ आहे का ते येथूनच शोधा. त्यांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही शिखर संस्था १९८१ पासून उभी आहे. खोलीचा सोबतीही पारखून निवडा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेले. वसतिगृहातले जेवण मानवेना म्हणून त्यांनी जागा बदलली आणि नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याचा सहवास लाभला. पुढे १९२० मध्ये लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यास निघताना त्यांना पैसे उसने दिले ते याच भथेनांनी.

पालकांनो, मुलगा 'बरा आहे' म्हणाला की आपण फोन ठेवतो. पुढच्या वेळी विचारा, काल रात्री काय जेवलास? किती वाजता झोपलास? खोलीत किती जण आहेत? आणि तो पहिल्या सत्रात एका विषयात मागे पडला असे म्हणाला, तर भूखंडाची आठवण त्याला लगेच करून देऊ नका. नाही तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

माझी वेळ संपली आहे. ज्यांनी कागदपत्रे आणली असतील त्यांनी चहानंतर डावीकडच्या टेबलापाशी थांबावे. आपण एकेकाचा आय-२० पहिल्या ओळीपासून वाचू. वाचणार विद्यार्थी. वडिलांनी शेजारी बसून ऐकावे.