कमी बोलणारी माणसे : जाँ-पिएर मेलव्हिल यांचे सिनेमे



बाप्पासमोर उभे राहून चोर-दरोडेखोरांविषयी बोलायचे, म्हणजे आमचे जरा धाडसच. पण हे चोर फ्रान्सचे आहेत आणि बोलतात फार कमी. त्यामुळे निभावून जाईल.

मेलव्हिल यांचा जन्म १९१७चा, पॅरिसच्या ज्यू घरातला. मूळ आडनाव ग्रुमबाख. जर्मनांनी फ्रान्स व्यापल्यावर ते भूमिगत चळवळीत शिरले. तिथे खरे नाव चालत नसे, म्हणून आवडत्या अमेरिकन कादंबरीकाराचे, हर्मन मेलव्हिलचे, नाव घेतले. युद्ध संपले, नाव राहिले. आमच्या मते भूमिगतांची सवयही राहिली : तोंड मिटून ठेवायची.

‘समुद्राचे मौन’ (१९४९) हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. एका फ्रेंच घरात जर्मन अधिकारी मुक्कामाला येतो. सुसंस्कृत, संगीतातला माणूस. तो रोज रात्री बोलत राहतो. घरातले काका-पुतणी त्याला उत्तर देत नाहीत. ही कथा व्हेर्कोर यांनी युद्धकाळात गुपचूप छापली होती आणि चित्रपटाला ते परवानगी देत नव्हते. मेलव्हिल म्हणाले, चळवळीतल्या माणसांना चित्रपट दाखवतो. त्यांना पटला नाही तर निगेटिव्ह जाळून टाकीन. ती वेळ आली नाही.

गुन्हेगारीपट त्यांनी पुढे बरेच केले. ‘सामुराई’त (१९६७) भाडोत्री मारेकरी झालेला अलँ दलाँ सुरुवातीची जवळजवळ दहा मिनिटे अवाक्षर काढत नाही. ‘लाल वर्तुळ’मध्ये (१९७०) जवाहिऱ्याच्या दुकानावरचा दरोडा सुमारे पंचवीस मिनिटे चालतो, तोही संवादाविना. त्याच चित्रपटाच्या आरंभी बुद्धाच्या नावाने एक वचन येते, ते मात्र मेलव्हिल यांनी स्वतःच रचलेले! आपल्याकडे कुणी खपवून घेतले असते की नाही, कोण जाणे.

या मुक्या चोरांचा उलगडा आम्हाला ‘सावल्यांची फौज’ (१९६९) पाहिल्यावर झाला. यात चोर नाहीत, भूमिगत कार्यकर्ते आहेत. पण तेच रेनकोट, त्याच मोटारी, तोच फितुरीचा धाक. मातिल्द ही त्यांच्यातली सर्वांत हुशार बाई. पाकिटात मुलीचा फोटो ठेवू नकोस, असे तिला बजावलेले असते. ती ठेवते. पकडली जाते, जर्मनांच्या हाती तो फोटो लागतो आणि मुलीवरून धमकी येते. तिला सोडतात, तेव्हा सोबत्यांना कळते की आता ही बोलणार. ज्यांचे प्राण तिने वाचवले, तेच मोटारीतून येऊन भर रस्त्यात तिला गोळ्या घालतात. गोळी सुटण्याआधी ती त्यांच्याकडे पाहते. ती नजर आम्हाला अजून सोडत नाही.

त्यानंतर पडद्यावर ओळी येतात. मोटारीतल्या चौघांचे पुढे काय झाले, एवढेच त्यांत असते. चौघेही गेले. त्यांचा म्होरक्या छळाखाली मेला. त्याने नाव एकच सांगितले : स्वतःचे.