एकच पातेले

(चंडीगढच्या आयटी पार्कमधील मराठी मंडळींच्या वसंतकालीन व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय 'वावडे असणाऱ्यांसाठी डोंगरमुक्कामातील स्वयंपाक' असा छापला आहे आणि पुढच्या दोन रांगांत काहींनी कृती उतरवून घेण्यासाठी वह्याही उघडल्या आहेत. त्यांची निराशा मी करणार नाही. परंतु गेले सहा महिने जी एक गोष्ट माझ्या मनात ठाण मांडून बसली आहे, ती आधी सांगितल्यावाचून मला कृतींकडे वळता येणार नाही. ती अशी की, ज्या तुकडीतील एकाही सोबत्याला एखाद्या अन्नाचे वावडे असेल, त्या तुकडीने तो जिन्नस आपल्या शिध्यातूनच वगळावा आणि साऱ्यांनी एकाच पातेल्यातले जेवावे. वेगळा डबा, वेगळी पळी, वेगळी पिशवी हा बंदोबस्त घरच्या स्वयंपाकघरात निभतो, कारण तेथे दिवा असतो, नळ असतो आणि ओटा असतो. डोंगरावर यांपैकी काहीही नसते.

अ‍ॅलर्जी हा शब्द व्हिएन्नाच्या पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली घडवला, गव्हाचे वावडे आणि सीलिअ‍ॅक हे दोन भिन्न विकार आहेत, दूध न पचणे हा आणखी तिसरा मामला आहे, इत्यादी पूर्वपीठिका आपणांस ठाऊकच आहे, तेव्हा तीत मी वेळ दवडत नाही. सीलिअ‍ॅकविषयी मात्र दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण आपण गव्हाच्या मुलखात राहतो. उत्तर भारतात सुमारे शंभरांत एका माणसाला हा विकार असतो. गव्हातील, जवातील आणि रायमधील ग्लूटेन या प्रथिनामुळे त्याचेच शरीर त्याच्या आतड्याच्या अस्तरावर चालून जाते, आणि ते प्रथिन कायमचे वर्ज्य करणे एवढाच त्यावर इलाज आहे. हॉलंडमधील डिके या बालरोगतज्ज्ञाचा गव्हावर संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव दुर्मीळ झाला, तेव्हा त्याची आजारी मुले सुधारली आणि पाव परत आला तशी पुन्हा ढासळली, हे त्याने डोळ्यांनी पाहिले व १९५० साली आपल्या प्रबंधात मांडले. आपल्याकडे असे कितीतरी तरुण वर्षानुवर्षे 'पोट नाजूक आहे' या शेऱ्याखाली दिवस काढतात आणि या शहरात नोकरीला आल्यावर कधीतरी त्यांची तपासणी होऊन त्यांना खरे नाव कळते.

असाच एक तरुण आमच्या कचेरीत आहे. मूळचा सांगलीकडचा. गेल्या ऑक्टोबरात आम्ही अकरा जण चूडधारला निघालो तेव्हा तो आमच्यात होता. सिरमौर जिल्ह्यातील हे शिखर ३,६४७ मीटर उंच असून माथ्यावर शिरगुल देवतेचे स्थान आहे. नोहराधारहून वर चढताना वाटेतल्या कुरणावर एक मुक्काम करावा लागतो. गहू आपल्याला चालत नाही हे त्याने निघण्यापूर्वीच सांगितले होते, आणि आम्हीही ते हसण्यावारी नेले नव्हते. शिध्याच्या यादीवर मी स्वतः दोन वेळा नजर फिरवली होती. इतरांसाठी पराठे होते, त्याच्यासाठी वेगळी पिशवी होती. तीत तांदूळ, तूप, भाजलेले मखाणे आणि मेतकुटाची एक स्टीलची डबी होती. डबीला निळे प्लास्टिकचे झाकण होते आणि त्यावर चिकटपट्टी लावून तुकडीतील एका मुलीच्या आईने सुवाच्य अक्षरात 'मेतकूट' असे लिहिले होते.

रात्री वारा सुटला. हाताची बोटे वळेनात. कपाळाला बांधलेल्या दिव्याच्या उजेडात मी त्याच्या ताटलीत मऊ भात वाढला, वर तूप सोडले आणि आजाऱ्याला, बाळंतिणीला, परीक्षेला बसलेल्या मुलाला आपण ज्या विश्वासाने मेतकूट वाढतो, त्याच विश्वासाने दोन चमचे भरून घातले. तो मला म्हणाला, "काका, अजून एक चमचा द्या, घरची आठवण झाली." मी दिला. दोन तासांच्या आत त्याला उलट्या सुरू झाल्या. पहाटेपर्यंत सहा वेळा तंबूबाहेर धरून न्यावे लागले. साखर-मिठाचे पाणी घोटघोट पाजत आम्ही दोघे जण त्याच्यापाशी बसून होतो, आणि हे कशामुळे होत आहे याचा कोणालाही उलगडा होत नव्हता, कारण त्याने गव्हाचा कणही खाल्ला नव्हता अशी आमची सर्वांची खात्री होती.

शिखर राहिले. सकाळी त्याला घेऊन आम्ही खाली उतरलो. नोहराधारच्या बाजारात फोन लागताच त्या मुलीने आईला विचारले, "आई, तू मेतकुटात काय काय घालतेस गं?" फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून उत्तर आम्ही सर्वांनी ऐकले: "हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ आणि मूठभर गहू. गव्हाशिवाय ते मिळून येत नाही. का गं, कुणाला बरं नाही का?"

(सभागृहात शांतता.)

त्या माउलीचा यत्किंचितही दोष नव्हता. मेतकुटात गहू हा मामूलच आहे. आपल्यापैकी अनेकांच्या आज्या तो घालत आल्या. दोष आमच्या यादीचा होता. यादीत 'मेतकूट' हा एक जिन्नस म्हणून नोंदला गेला होता, आणि तो चार-पाच जिन्नसांचा मेळ आहे याची रुजवात कोणीच घातली नव्हती. त्या दिवसापासून दळलेल्या आणि मिसळलेल्या प्रत्येक वस्तूकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. भाजणीत पुष्कळ घरी गहू पडतो. सातूच्या पिठाचे तर विचारूच नका: बिहारी मित्र ज्याला सत्तू म्हणतात तो हरभऱ्याचा असतो, आपल्याकडचे सातूचे पीठ बहुधा गहू आणि डाळ्याचे असते, आणि सातू हा शब्द मुळात जवाचा वाचक आहे, नावात एवढे साम्य, पण एक पीठ या मुलाला चालेल आणि दुसरी दोन त्याला अंथरुणाला खिळवतील. आणि हिंग! बाजारातल्या डबीतला हिंग हा शुद्ध हिंग नव्हे. तो डिंकात आणि पिठात बांधलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचेच असते. शुद्ध हिंगासाठी आपण शतकानुशतके अफगाणिस्तान-इराणकडे तोंड करून बसलो होतो. आता पालमपूरच्या संशोधन संस्थेने १५ ऑक्टोबर २०२० रोजी लाहौलमधील क्वारिंग गावी हिंगाचे पहिले रोप लावले आहे; ही लागवड फळाला येवो, अशी माझी प्रार्थना आहे, कारण आपल्या फोडणीतला हा चोरवाटेने येणारा गहू...

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.)

अध्यक्षांनी सुचवले आहे की, हिंग पुरे. (हशा.) पण गिरणीविषयी बोलल्यावाचून मी पुढे जाणार नाही. ज्वारीत ग्लूटेन नाही, बाजरीत नाही, नाचणीत नाही. परंतु ज्या गिरणीत आदल्या गिऱ्हाइकाचा गहू दळला गेला, तिच्यातच आपली ज्वारी पडली, तर त्या पिठाचा भरवसा संपला. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे 'ग्लूटेनमुक्त' म्हणवणाऱ्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असू नये. चिमूटभर पिठानेही ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून डोंगरावर पिठे कमी न्यावीत, अख्खे धान्य अधिक न्यावे. पीठ हवेच असेल तर धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरात दळावे.

मागून एका सद्गृहस्थांनी विचारले आहे की, एकासाठी दहा जणांनी पोळी का सोडावी? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. तीन दिवसांचा हा मामला आहे. येथून जवळच पंचकुल्याला घग्गरच्या काठी नाडा साहिब गुरुद्वारा आहे; तेथील लंगरात आपण सर्वजण जेवलो आहोत. लंगरात मांस शिजत नाही. जो खातो आणि जो खात नाही, त्या दोघांनाही एका पंगतीला बसता यावे म्हणून. मांस खाणाऱ्याची तेथे कुचंबणा झाल्याचे कधी कोणी ऐकले आहे काय? (टाळ्या.) मला डोंगरावर तेवढेच हवे आहे.

आमच्या आज्यांच्या स्वयंपाकघरात हात आणि पळी या वाटांनी एक अन्न दुसऱ्यात जाते याचे भान फार पक्के होते. उपासाची पळी वेगळी, लोणच्याच्या बरणीला ओला हात नाही... दुसऱ्या रांगेतून 'सोवळे' हा शब्द ऐकू आला, आणि तो ज्या स्वरात आला तो स्वर मला कळला. मी सोवळ्याची तरफदारी करण्यास उभा नाही. त्या शब्दाने माणसांना उंबऱ्याबाहेर उभे केले आहे, आणि ते पाप कोणत्याही आरोग्यशास्त्राच्या आडोशाने धुतले जाणार नाही. वस्तू वेगळ्या ठेवण्याचे कसब मात्र त्या स्वयंपाकघरात होते, आणि वेगळ्या डब्याच्या नावाखाली एका तरुणाला पंगतीच्या कडेला बसवण्याऐवजी त्याला मधोमध बसवण्यासाठी ते आज वापरता येते, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता कृती. उंची वाढते तसे पाणी कमी उष्णतेला उकळू लागते. दर ३०० मीटरमागे सुमारे १ अंश या मानाने ३,००० मीटरवर ते ९० अंशांनाच उकळते, आणि म्हणून उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास शिजत नाही. लहान कुकर न्यावा, किंवा जे उकळत्या पाण्यात लवकर मऊ होते तेच न्यावे. जाड पोहे न्यावेत. वरीचे तांदूळ दहा-पंधरा मिनिटांत होतात. घरी भाजून नेलेल्या मुगाच्या डाळीची आणि तांदळाची खिचडी कुकरात करावी. तिला हिंगाऐवजी जिरे आणि आले पुरते. घरी दळलेल्या कुळथाच्या पिठाचे पिठले करावे. चार आमसुले टाकली की थंडीत त्याला तोड नाही. तांदळाच्या पिठीची उकड करावी. राजगिऱ्याच्या लाह्या गुळाबरोबर चालता चालता खाता येतात. किन्नौरकडे ओगला म्हणतात तो कुट्टू नावाने धान्य वाटला तरी गव्हाच्या कुळातला नव्हे. मात्र त्याचेही काहींना वावडे असते, म्हणून आधी विचारावे. आमच्या अनुभवात माणशी दिवसाला पाऊण किलो कोरडा शिधा पुरतो, आणि या साऱ्यांत पोळीची आठवण फक्त पहिल्या रात्री येते.

"आणि मॅगी?" (हशा.) मॅगी गव्हाची. तीही तीन दिवस राहू द्या.

नऊला रात्रपाळीची बस सुटते आणि दाराशी रखवालदारही येऊन उभे राहिले आहेत. भुईमुगासाठी मी अर्धा तास राखून ठेवला होता. पाच मिनिटांत सांगतो, पण हे नीट ऐका, कारण येथे गाठ उलटीशी नसून प्राणाशी असते. आपल्या उपासाच्या फराळात गहू नाही, परंतु दाण्याचे कूट सर्वत्र आहे: खिचडीत, वरीच्या भाताच्या आमटीत, लाडवात. शेंगदाणे भाजल्याने त्यांचा उपद्रव कमी होत नाही, उलट वाढतो. घाण्याच्या शेंगतेलात प्रथिन राहते. आणि डोंगरावर पाणी वाचवण्यासाठी आपण हाताला जे सॅनिटायझर चोळतो, त्याने जंतू मरतात, दाण्याचे प्रथिन हाताला तसेच राहते. ते साबणपाण्यानेच जाते. चटणीचा हात पुसून तुम्ही सोबत्याला पेला दिलात, तर त्या पेल्यावर चटणी आहे. ज्याला दाण्यांनी पूर्वी एकदा जरी श्वास कोंडला असेल, त्याने डॉक्टरांकडून अ‍ॅड्रिनॅलिन लिहून घ्यावे, ते मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत कसे टोचायचे हे स्वतः शिकावे आणि तुकडीतील आणखी दोघांना शिकवावे. अंगावर पुरळ उठून श्वास लागला किंवा घेरी आली तर गोळीचा गुण येण्याची वाट पाहू नये. आधी अ‍ॅड्रिनॅलिन, मग माणसाला आडवे निजवून पाय उंच, श्वास फार लागत असेल तर बसते ठेवून, आणि मग खाली नेण्याची तजवीज. बरे वाटले तरी इस्पितळ टळत नाही, कारण काही तासांनी तो झटका पुन्हा उलटू शकतो.

अध्यक्षमहाराज, उठतो.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही पुन्हा चूडधारला जात आहोत. तो तरुण येणार आहे. त्या माउलीने गव्हावाचून केलेले मेतकूट मार्चमध्येच पाठवले. झाकणावर या वेळी एकूण एक जिन्नस लिहिलेला आहे, आणि हिंगापुढे 'घातला नाही' अशी नोंद आहे. दाराजवळच्या मेजावर नावनोंदणीचा कागद ठेवला आहे. त्यात नावापुढे 'वावडे' असा रकाना आहे. तो कोरा सोडू नका. काही नसेल तर 'नाही' असे लिहा. आणि घरून कोणतेही पीठ, चटणी वा मसाला आणणार असाल, तर तो करणाऱ्या माणसाला आज रात्रीच फोन करून त्यात काय काय आहे ते विचारा.