जुळी गावे आणि वाटून घेतलेले तालुके

(आदिलाबाद येथे लेखक, शिक्षक व विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला 'दोन भाषांची मैत्री' हा विषय दिला आहे. या विषयावर बोलणारा माणूस पाचव्या मिनिटाला पुलाची उपमा काढतोच. मी ती काढणार नाही, कारण आपल्याकडे खराच पूल आहे. पाटणबोरी मागे टाकली की पैनगंगेवर लागतो. त्यावरून दिवसरात्र ट्रक जातात आणि त्यांतला एकही मैत्रीसाठी जात नाही.

सुरुवात जरा लांबून करतो. पहिल्या महायुद्धात उत्तर फ्रान्समधली कितीतरी गावे जमीनदोस्त झाली. त्याच मातीत लढून मेलेल्या इंग्रज पोरांची घरे यॉर्कशायरमध्ये, बर्मिंगहॅममध्ये होती. १९२० साली इंग्लंडमधल्या काही गावांनी ठरवले की फ्रान्समधले एकेक उद्ध्वस्त गाव आपण 'दत्तक' घ्यायचे. बर्मिंगहॅमने आल्बेर घेतले. लोकरीच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कीथली या गावाने प्वा-द्यु-नोर हे छोटे गाव घेतले. जुळ्या गावांच्या प्रथेचे मूळ शोधणारे बहुधा याच जोडीकडे बोट दाखवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ही प्रथा युरोपभर फोफावली. १९५० मध्ये फ्रान्सचे माँबेल्यार आणि जर्मनीचे लुडविग्सबुर्ग यांनी हात मिळवले, तेव्हा युद्ध संपून जेमतेम पाच वर्षे झाली होती.

आपल्याकडेही असे करार आहेत. मुंबईचा श्टुटगार्टशी १९६८ पासून, पुण्याचा अमेरिकेतल्या सॅन होजेशी १९९२ पासून. पुण्यात सिंहगड रस्त्यावर जपानी धाटणीची एक सुंदर बाग आहे, पुणे-ओकायामा मैत्रीची. तिला नाव पु. ल. देशपांडे यांचे आहे. तिथे सकाळी फिरायला येणाऱ्यांना ओकायामा कुठे आहे हे ठाऊक असते का, कोण जाणे. महानगरांची मैत्री अशीच असायची. महापौर जातात, महापौर येतात, शाल-श्रीफळ होते.

इंग्रज आणि फ्रेंच गावांची गोष्ट वेगळी, ती एका कारणासाठी. तिथे महापौरांपेक्षा शाळांना जास्त काम होते. बारा-चौदा वर्षांची मुले बसमधून पलीकडच्या गावी जायची आणि हॉटेलात न उतरता कुणाच्या तरी घरी राहायची. आठवडाभर त्यांच्या ताटातले खायचे, त्यांच्या भाषेत पाणी मागायचे. पुढच्या वर्षी त्या घरचे पोर यांच्या घरी यायचे. हे सगळे उभे होते ते शाळेतल्या भाषाशिक्षकाच्या जिवावर. पत्रमित्र तोच जुळवून द्यायचा, पालकांची समजूत तोच काढायचा. २००४ साली इंग्लंडमध्ये चौदा वर्षांनंतर परकी भाषा शिकणे ऐच्छिक झाले आणि फ्रेंचचे वर्ग रोडावले. पुढे काही इंग्रज नगरपरिषदांनी जुने करार संपवले. कारणे अनेक सांगितली गेली. माझ्यातल्या मास्तराला वाटते, ज्या बसमध्ये फ्रेंच शिकणारे पोर नाही ती बस किती दिवस चालणार?

आता घरी येऊ.

त्यांच्याकडे दोन वेगळी गावे कराराने जुळी झाली. आपल्याकडे एकत्र असलेले कायद्याने वेगळे झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य भाषेप्रमाणे वाटले गेले. किनवट आणि राजुरा हे तालुके तोवर आदिलाबाद जिल्ह्यात होते, ते तिकडे गेले. बोथ तालुक्यातले नुसते इस्लापूर मंडळ कापून तिकडे दिले. नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे इकडे आली, धर्माबाद तिकडेच राहिले. विद्यार्थ्यांनो, राज्य पुनर्रचनेचा कायदा एकदा काढून वाचा. मंडळामंडळाने वाटणी केली आहे, भाऊ-भाऊ बांधावर दोरी धरतात तशी. मी त्या वाटणीवर तक्रार करायला उभा नाही. भाषावार राज्ये झाली म्हणून तेलुगू पोराला तेलुगूतून आणि मराठी पोराला मराठीतून शिकता आले. पण दोरी कुठेही धरली तरी कुणाची तरी विहीर पलीकडे जातेच.

आणि तरीही व्यवहार थांबला नाही. आजही आदिलाबादहून हैदराबादला रेल्वेने जायचे तर आधी महाराष्ट्रात शिरावे लागते. किनवट, हिमायतनगर, भोकर, मुदखेड, आणि मग धर्माबाद सोडल्यावर गाडी बासरला पुन्हा तेलंगणात येते. पलीकडचा कापूस भाव बघून इकडच्या बाजारात येतो, पलीकडचा रोगी आपल्या रिम्समध्ये येतो. नांदेडकडची माणसे लेकराला पहिले अक्षर गिरवायला बासरच्या सरस्वतीकडे आणतात, इकडची माणसे माहूरला रेणुकेकडे जातात. सोयरिकी तर मोजू नयेत इतक्या. तेलुगू घरात वहिनीला 'वदिना' म्हणतात, आत्याला 'अत्ता', आणि मामा दोन्हीकडे मामाच. पैनगंगेच्या पाण्यासाठी मात्र दोन राज्यांना करार करावे लागले. चनाका-कोरटा बंधाऱ्याचा करार २०१६ साली मुंबईत झाला. पाण्याला सही लागते, माणसांना लागली नाही.

याच सीमेवर एक चमत्कारिक जागा आहे. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या, आजच्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातल्या केरामेरी मंडळात परंदोळी, मुकदमगुडा, महाराजगुडा अशी बारा-चौदा गावे आहेत. तीच गावे चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातही आहेत. दोन ग्रामपंचायती, दोन रेशनकार्डे, दोन याद्यांत नाव, एक शाळा मराठी आणि एक तेलुगू. युरोपात दोन गावांचे एक जुळे होते, इथे एकच गाव दोनदा जन्मले. वर्तमानपत्रे त्याची गंमत म्हणून बातमी छापतात. मला त्यातली फक्त शाळेची गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या गावातल्या आईला सकाळी ठरवावे लागते की लेकराने कोणत्या दारातून आत जायचे. दोन्ही दारांतून जाता येईल अशी शाळा दोन्ही सरकारांपैकी कुणीच काढलेली नाही.

आणि त्या आईची स्वतःची भाषा बऱ्याचदा या दोन्हींपैकी नसते. तिथे गोंडी आणि कोलामी बोलणारी घरे आहेत. आपण मराठी-तेलुगू मैत्रीच्या गप्पा मारतो तेव्हा हा तिसरा भाऊ ओसरीवरच बसलेला असतो. १९४० मध्ये जोडेघाटला कुमरम भीम मारला गेला. त्यानंतर निझाम सरकारने हाइमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठवले. १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले आणि गोंडी वाचनपुस्तके निघाली, ती देवनागरीत. कारण या भागातला जो थोडा गोंड वाचू शके तो मराठी वाचत असे. आपले सेतुमाधवराव पगडी या कामात होते. त्यांनी पुढे गोंडीचे व्याकरण लिहिले. शिवकाल आणि उर्दू काव्य यांसाठी महाराष्ट्र पगडींना ओळखतो, त्यांच्या गोंडी व्याकरणाची आठवण क्वचित काढतो. ५६ नंतर शाळांत तेलुगू आली, देवनागरीतली गोंडी मागे पडली. मराठीने तेव्हा गोंडीला लिपी उसनी दिली हे खरे, पण उसन्याबरोबर थोडी मालकीही येते हे आपण मराठी माणसांनी कबूल करावे. गुंजाळा गावच्या जुन्या हस्तलिखितांतली गोंडीची वेगळी लिपी समोर आली आणि २०१८ मध्ये तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, तेव्हा मला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. त्या गावापासून फार लांब नसलेल्या शाळांत मी वर्षानुवर्षे शिकवले होते आणि त्या पोथ्यांविषयी एकदाही विचारले नव्हते.

सीमा न विचारता ओलांडायचे कसब खरे तर गोंडांकडूनच शिकावे. केसलापूरच्या नागोबाला आणि डोंगरातल्या जंगूबाईला दोन्ही राज्यांतली माणसे येतात. पलीकडच्या तालुक्याचा पत्ता सांगावा लागतो तो फक्त पोलीस चौकीत.

मग अडते कुठे? शाळेत. तेलंगणाने २०१८ मध्ये शाळांत तेलुगू सक्तीची केली, महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठी. दोन्ही कायदे आपापल्या घरात योग्यच आहेत. पण परिणाम बघा. आपल्या मराठी माध्यमाच्या शाळांतले पोर तेलुगू शिकते, उत्तम. मात्र त्या शाळांत पोरेच कमी होत चालली आहेत. मराठी घरातली बहुतेक मुले इंग्रजी किंवा तेलुगू माध्यमात जातात, घरी मराठी बोलतात आणि मराठी वाचत नाहीत. सीमेपलीकडे किनवटच्या बाजूला तेलुगू बोलणारी घरे आहेत, त्यांची मुले घरी तेलुगू बोलतात आणि तेलुगू वाचत नाहीत. म्हणजे सीमेच्या प्रत्येक बाजूला एक भाषा तोंडात आहे आणि डोळ्यांत नाही. आपल्या बाजूचे काम तरी सोपे आहे. ही मुले हिंदीमुळे देवनागरी शिकलेलीच असतात, त्यांना नुसता धक्का हवा. पलीकडच्यांना लिपीपासून सुरुवात करावी लागेल.

निवृत्तीच्या आधी मी तो धक्का देऊन पाहिला. सातवीच्या तीस मुलांकडून पलीकडच्या एका शाळेतल्या मुलांना पोस्टकार्डे लिहवून घेतली. पन्नास पैशांचे कार्ड, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पहिली खेप मी बिघडवली. मुलांनी जसे बोलतात तसे लिहिले होते, 'तुह्या गावाले', 'मले', 'आमची अक्का'. मी लाल शाई घेऊन बसलो आणि सगळे शुद्ध करून पुन्हा उतरवून घेतले. तीसच्या तीस पत्रांत तोच मजकूर, 'मी येथे कुशल आहे'. उत्तरेही तशीच आली, तिकडच्या गुरुजींनीही लाल शाई वापरली असणार.

दुसऱ्या खेपेला मी शाई कपाटात ठेवली. एका मुलीने लिहिले की तिच्या आजीचे माहेर त्या गावचे, विहिरीजवळ चिंच होती, ती आहे का? एका गोंड मुलाने अर्धे पत्र गोंडीत लिहिले आणि खाली टीप दिली की हे वाचता येत नसेल तर कुणालातरी विचार. महिनाभराने उत्तरे आली. चिंच नाही, तिथे पाण्याची टाकी झाली, विहीर आहे. आणि 'तुह्या आजीचं नाव आमच्या आजीले माहीत हाय, ते म्हणते दोघी संगंच पाण्याले जायच्या.' गोंडी पत्राला उत्तर द्यायला त्या मुलाने शेजारच्या पाड्यावर जाऊन माणूस शोधला होता.

पुढे मुलांना एकमेकांना भेटायचे होते. अंतर तासाभराचे, पण कागदावर ती परराज्यातली सहल. अर्ज वर गेला, वरून आणखी वर गेला आणि परीक्षा आल्या. शेवटी काही पालकांनीच आपली मुले रविवारी गाडीने किनवटला नेली. मी शिक्षक म्हणून गेलो नाही, एक प्रवासी म्हणून त्याच डब्यात बसलो. फलाटावर दोन्हीकडची मुले सुरुवातीला नुसती उभी राहिली. मग डबे उघडले. भाकरीला आमच्या एका तेलुगू पोराने 'जोन्न रोट्टे' म्हटले आणि त्यावर अर्धा तास वाद चालला, ज्वारीला 'जोन्न' का म्हणायचे.

आता इथे बसलेल्या शिक्षकांना दोन गोष्टी सुचवतो. ९ सप्टेंबर हा तेलंगणाचा भाषादिन, काळोजी नारायण राव यांचा जन्मदिवस. काळोजींचे वडील मराठी, आई कन्नड, आणि ते स्वतः तेलुगूचे लोककवी. हा दिवस किनवटच्या शाळेत साजरा करायला काय हरकत आहे? २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा दिवस, आदिलाबादच्या तेलुगू शाळेत व्हावा. भाषणे नकोत, त्या दिवशी समोरच्या शाळेचे पत्र फळ्यावर उतरवून वाचावे. दुसरी गोष्ट लेखकांसाठी. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' पी. व्ही. नरसिंह रावांनी तेलुगूत नेली. इतके मोठे काम सगळ्यांना जमणार नाही, पण सातवीच्या मुलांना वाचता येतील अशा दहा-दहा पानांच्या गोष्टी दोन्हीकडून, आणि गोंडीतूनही, या अकादमीने दर वर्षी काढाव्यात. एका पानावर दोन लिप्या, समोरासमोर.

करार, महापौर, फलक यांची मला घाई नाही. व्यासपीठाशेजारी माझी पिशवी आहे, तिच्यात शंभर कोरी पोस्टकार्डे आहेत. चहाच्या वेळी पलीकडून आलेल्या शिक्षकांनी मला भेटावे. शाळेचा पत्ता आणि वर्गातल्या मुलांची नावे तेवढी घेऊन यावीत.