सर्व्हर घरचा, पहारा कोणाचा?

घरच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउडसारखी मुक्त प्रणाली चालविणारा मनुष्य आपल्या कागदपत्रांचा खरा मालक होतो. मात्र मालकीबरोबर पहाराही पदरी येतो. पासवर्डाने होणारा दुरून प्रवेश बंद करून तो किल्लीच्या जोडीवर सोपविणे, दुरुस्त्या वेळेवर बसविणे, एक प्रत घराबाहेर ठेवून ती उघडते की नाही हे पाहणे, ही कामे आता त्याचीच.

तरीही पाया सामाईकच राहतो. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने प्रवेश करताना अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले. शोध घेता 'एक्सझेड' या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. हे साधन एक गृहस्थ विनामोबदला, फावल्या वेळात सांभाळीत होते. त्यांचा मदतनीस म्हणून दोन वर्षे वावरून घुसखोराने विश्वास संपादिला होता. संहिता उघडी होती म्हणून फ्रॉइंडला मुळापर्यंत जाता आले. (ते स्वतः मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत होते, हा योगायोग मोठा बोलका!) पण ज्या साधनावर जगभरच्या बलाढ्य कंपन्यांचे सर्व्हर चालतात, त्याच्या राखणदाराला वेतन नसावे, हा प्रश्न तंत्राचा नाही, श्रमाचा आहे. घरी सर्व्हर बसविणाऱ्या कार्यकर्त्याने वाचलेल्या भाड्यातील काही भाग अशा राखणदारांकडे पाठवावा.